सव्वीसशे सहासष्ट

श्रीरंगच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या दोन पट्ट्या,
माझ्यातल्या दोन.
आठ-आठच्या चार, बत्तीस जीबी.
कंपनी तीच, स्टिकरवरचा आकडाही तोच, बत्तीसशे.
नवी रॅम कशाला, तो म्हणाला,
घरात आहे ना.

तापकीर गल्लीत बागवान मान वर न करता बोलले,
एका डब्यातल्या दोघी कारखान्यातच
एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात, मॅडम.
दोन डब्यांतल्या चार
चालतील.
नांदतील का, ते मी लिहून देत नाही.
नुसतं विचारून निघायची लाज वाटली,
म्हणून ऐंशी रुपयांची पेस्ट घेतली.

रविवार, धायरी, दुपारची झोपेची वेळ.
सोनेरी दात पुसायला शाल्मलीनं
कंपासमधलं खोडरबर दिलं.
कंपासवर तिचं नाव तिच्या आईच्या अक्षरात,
खाली कोथरूडचा पत्ता.
मी दात घासले, भुगा फुंकला,
खोडरबर होतं तिथे, तसंच ठेवलं.

माझ्या दोघी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसलेल्याच होत्या.
त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या.
टक्क.
टक्क.
पंखे फिरले. पडदा काळा.
बोर्डावर एक नारिंगी दिवा लागला, तो विझेना.
एक मिनिट. दीड.
"बाबा, हिनं बिघडवला!"
आणि तेवढ्यात चालू झाला,
बत्तीस दाखवत, काही झालंच नाही असा.

माझा धंदा लोकांची लग्नं कापून जोडायचा.
मंगळवारी भोरचं लग्न द्यायचं होतं.
शेवटचं सावधान,
सगळ्या हॉलचे हात वर,
आणि तिथेच अडकला.
मुंडावळ्यांपासून वीतभर वर
तांदूळ लटकलेले,
एकही खाली येईना.
भटजींचं तोंड उघडं.
त्या आठवड्यात हे चारदा झालं,
दरवेळी निराळ्या लग्नात.

रात्री तपासणी लावली आणि बसून राहिले.
तीन वाजून दहा मिनिटांनी पहिली लाल ओळ आली.
शाल्मली पाण्याला उठली होती,
तांब्या हातात धरून उभी राहिली.
"चूक कुणाची आहे?"
मी म्हटलं, एकेक काढून बघू.
शाळा बुडवून दुसऱ्या दिवशी तिनं वहीत लिहून घेतलं:
बाबांची पहिली, पास.
बाबांची दुसरी, पास.
पुढे माझं नाव लिहायचं होतं.
पेन्सिल थोडी थांबली.
हिची पहिली, पास.
हिची दुसरी, पास.

चौघी पास.
चौघी एकत्र, सतरा चुका.

"मग?"
मग मलाही माहीत नव्हतं.
स्टिकरखालची चिप वेगळ्या कारखान्याची असू शकते,
आकडा सारखा असला तरी
दम वेगळा असू शकतो,
असलं काहीतरी मी सांगत राहिले,
तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.
बागवानांना फोन केला.
मागे कुणीतरी ड्रिल चालवत होतं.
"स्पीड उतरवा," ते ओरडले,
"बत्तीसशेचा हट्ट सोडा, सव्वीसशे सहासष्टवर आणा.
कमी पळतील, पण पळतील."

उतरवला.
बत्तीसशेचे पैसे दिले होते ना आपण, श्रीरंग म्हणाला.
दोन वेगवेगळ्या वर्षी, मी म्हटलं, वेगवेगळे.
तो गप्प बसला, मग भांडी घासायला गेला.

रात्रभर तपासणी. सकाळी सहाला
शून्य.
शाल्मलीनं वहीत शून्य काढलं आणि त्याला
उगाच दोन डोळे काढले.

आता सुरू व्हायला पाऊण मिनिट जास्त लागतं.
नारिंगी दिवा रोज लागतो,
रोज मला वाटतं, गेला.
भोरचं लग्न तीन दिवस उशिरा दिलं, शिव्या खाल्ल्या.
देण्याआधी ती जागा तिला दाखवली:
सावधान,
हात वर,
आणि तांदूळ पडले, सगळे,
नवरदेवाच्या कॉलरमध्येसुद्धा.
"परत लाव," ती म्हणाली.